आमची वाटचाल : पूर, ताडपत्री आणि समोरचा गाळा

वडिलांनी आणि त्यांच्या भागीदारानं १९९२ साली एक जुना सहाचाकी ट्रक घेतला. हंगामात कोल्हापूरच्या मार्केट यार्डातून गुजरातला गूळ, एरवी पुण्याला कास्टिंग, म्हणजे धातूचे ओतीव भाग. पुढची पंचवीस वर्षं बरी गेली. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, विक्रीकराचे नाके उठले, गाड्या लवकर पोचू लागल्या. एप्रिल २०१८ पासून बिल्टीच्या, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या माल-पावतीच्या जोडीला ई-वे बिल आलं, म्हणजे वाटेतल्या मालाचा मुदतीचा ऑनलाइन कागद.

सांगायचं आहे ते ऑगस्ट २०१९ चं. गोकुळ शिरगावहून मशिनिंग केलेला माल भरून गाडी चाकणला निघाली आणि उजळाईवाडीला अडकली. शिरोलीजवळ हायवेवर पंचगंगेच्या पुराचं पाणी. तेव्हा ई-वे बिलाची मुदत शंभर किलोमीटरला एक दिवस, म्हणजे आमचं बिल तीन दिवसांचं. चौथ्या दिवशी मुदत संपली. संपल्यावर आठ तासांत वाढवून घ्यायची, पण ऑफिसात ना वीज ना नेट. शेवटी पुण्याच्या भाच्याला पासवर्ड दिला, त्यानं केलं.

इकडे माल गंजणार ही धास्ती. कारखान्याचे मालक तेलाचा डबा आणि ब्रश घेऊन मोटरसायकलवरून आले. सत्तरीचा माणूस गाडीच्या मागच्या फाळक्यावर पाय देऊन वर चढला. ताडपत्री एका बाजूनं उचलून आम्ही दोघांनी एकेक नग पुसला, तेल लावलं. भाड्याबद्दल अवाक्षर नाही. म्हणाले, "वडील तुझे दोरी स्वतः आवळायचे. तू ड्रायव्हरवर सोडतोस."

खरं होतं. नवीन गाडी घेणाऱ्यांना सांगतो, जीपीएस नंतर बसवा, आधी दोन ताडपत्र्या घ्या. खालची जुनी चालेल, वरची नवी. कडीपाशी शिवण दुहेरी आहे का ते बोट घालून बघा, पाणी तिथूनच शिरतं.

त्याच आठवड्यात समोरच्या गाळ्यातल्या ट्रान्सपोर्टवाल्यानं आमच्या पार्ट्यांना, म्हणजे माल देणाऱ्या गिऱ्हाइकांना फोन केले, "त्यांची गाडी पाण्यात गेली." ज्याच्याबरोबर रोज कटिंग चहा, रिटर्न भाडं नसलं की ज्याला आम्ही माल दिला, त्यानं. पाच पार्ट्या गेल्या. दोन गाड्या विकून हप्ते फेडले. माल पोचल्याची सही-पावती वेळेत देऊन तीन पार्ट्या परत आणल्या, दोन त्याच्याकडेच आहेत.

गेल्या पावसाळ्यात त्याचा मुलगा आला. गाडी भरून उभी, ताडपत्री फाटलेली. दिली आमची. अजून परत आलेली नाही.