स्पॅनिशमधला पातिओ: कोर्दोबापासून सांतियागोपर्यंत

स्पॅनिश शिकायला लागलं की सुरुवातीलाच घराचे शब्द येतात, कोसिना म्हणजे स्वयंपाकघर, बान्यो म्हणजे बाथरूम, पातिओ म्हणजे अंगण, आणि वहीत उतरवून आपण पुढे जातो. पण पातिओपाशी जरा थांबायला हवं असं मला फार मनापासून वाटतं. आपलं अंगण घरापुढे असतं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतं. स्पेनमधला जुना पातिओ घराच्या पोटात असतो, चारी बाजूंनी भिंती आणि वर आभाळ, रस्त्यावरून जाणाऱ्याला पत्ताच लागत नाही.

दक्षिणेला कोर्दोबात तर पातिओ म्हणजे जीव की प्राण. उन्हाळ्यात तिथे पारा ४० च्या वर जातो, त्यामुळे घरांची रचनाच तशी, चुना लावलेल्या पांढऱ्याशुभ्र जाड भिंती, मधे विहीर नाहीतर कारंजं, खाली गोट्यांची फरसबंदी, आणि भिंतीवर पार वरपर्यंत जिरेनियमच्या कुंड्या. आता एवढ्या वरच्या कुंड्यांना पाणी घालायचं कसं, तर लांब काठीच्या टोकाला पत्र्याचा छोटा डबा बांधायचा, तो भरून खालूनच वर न्यायचा आणि अलगद कुंडीत कलता करायचा, मग परत खाली, परत भरायचा, पुढची कुंडी. भिंतभर कुंड्या असल्या की हे काम किती वेळ चालत असेल बघा! १९२१ साली तिथे पातिओंची पहिली स्पर्धा झाली, आता दर मे महिन्यात लोक आपल्या घरांची दारं पाहुण्यांसाठी उघडतात आणि २०१२ मध्ये युनेस्कोने हा उत्सव अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला.

माद्रिदला लावापिएस भागात कोर्राला नावाच्या जुन्या इमारती आहेत, मधे पातिओ आणि भोवती प्रत्येक मजल्यावर लांब गॅलरी, तिथेच सगळी दारं, अगदी गिरगावातली चाळच. नवीन बिल्डिंगमध्ये हाच पातिओ आक्रसून नुसता उजेडासाठी उरला, त्याला पातिओ दे लुसेस म्हणतात, लुसेस म्हणजे दिवे, उजेड. तिथे दोऱ्यांवर कपडे वाळतात, तळणीचा वास येतो आणि शेजाऱ्यांचं भांडणही ऐकू येतं. वातावरण तापलेलं असलं, मग ते ऑफिसातलं असो की राजकारणातलं, की स्पॅनिश माणूस म्हणतो ‘कोमो एस्ता एल पातिओ’, म्हणजे काय चाललंय काय हे!

शाळेचं मैदान पण पातिओच, आणि थिएटरमध्ये स्टेजसमोरच्या खालच्या खुर्च्या म्हणजे पातिओ दे बुताकास. छताखाली पातिओ कुठून आला? तर सोळाव्या-सतराव्या शतकात नाटकं घरांच्या मधल्या उघड्या जागेतच व्हायची, सामान्य पुरुष प्रेक्षक पातिओत उभे राहायचे, बायकांना वेगळी जागा. आल्माग्रो गावात तसं सतराव्या शतकातलं नाट्यगृह अजून उभं आहे आणि तिथे अजूनही नाटकं होतात. मला ही गोष्ट भारी आवडते, छत आलं, खुर्च्या आल्या, नाव मात्र तेच.

लॅटिन अमेरिकेत गेलं की शब्द अजून पसरतो. बऱ्याच देशांत पातिओ म्हणजे घरामागची मोकळी जागा. अर्जेंटिना-चिलीत मॉलमधलं फूड कोर्ट म्हणजे पातिओ दे कोमिदास. क्यूबा, प्वेर्तो रिकोकडे ‘देल पातिओ’ म्हणजे आपल्या मातीतला, आपल्याकडचा गायक, आपल्याकडचा खेळाडू, किती मायेने म्हणतात ते. कोलंबियात तुरुंगाचे विभाग पातिओ, अमुक कैदी कुठल्या पातिओत आहे असं बातम्यांत येतं.

आणि चिलीत स्मशानभूमीचे विभागही पातिओच. सांतियागोच्या मोठ्या स्मशानभूमीतला पातिओ २९ चिलीत सगळ्यांना माहीत आहे. सप्टेंबर १९७३ मध्ये लष्करप्रमुख पिनोचेतने सत्ता बळकावल्यावर मारल्या गेलेल्या अनेकांना इथे गुपचूप पुरलं, क्रॉसवर नावाऐवजी फक्त ‘एन. एन.’, म्हणजे अनोळखी. लोकशाही परत आल्यावर १९९१ मध्ये खोदकाम झालं, अवशेष बाहेर काढले, पण पुढे त्यातल्या बऱ्याच जणांची ओळखच चुकीची पटवल्याचं उघड झालं आणि ज्या घरांनी आपलं माणूस समजून अंत्यसंस्कार केले होते त्यांना परत शोध सुरू करावा लागला. चिलीबद्दलचं काही मराठीत आणणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, इथे डिक्शनरी बघून अंगण लिहू नका, नुसतं विभागही नको, पातिओ २९ असंच ठेवा, कारण ती घरं त्या जागेला याच नावाने ओळखतात.