एसएमएसीएस ०७२३ मागची दीर्घिका: ४३६.३ची बारीक रेघ

जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीचा पहिला खोल फोटो जुलै २०२२ मध्ये आला, त्यातल्या एसएमएसीएस ०७२३ या दीर्घिकासमूहामागच्या ४५९० क्रमांकाच्या दीर्घिकेचा वर्णपट सध्या हातात घेतलाय. डेटा सगळ्यांना खुला आहे. पायथन आणि चिकाटी पुरते. ताम्रसृती (प्रकाश लाल बाजूला किती ताणला गेला त्याचं माप) ८.५, म्हणजे विश्व जेमतेम साठ कोटी वर्षांचं असतानाचा प्रकाश.

ऑक्सिजनची ५००.७ नॅनोमीटरची हिरवी रेघ ताणली जाऊन ४.७५ मायक्रॉनवर बसलीय. ठसठशीत आहे, शोधावी लागत नाही. शेजारी तिची जोडीदार, ४९५.९ची. दोघींचं प्रमाण साधारण तीनास एक, आणि ते अणूच्या रचनेनंच ठरलेलं. वायू गरम असो वा थंड. त्यामुळे पार्श्वभूमी वजा केली की मी आधी हेच तपासतो. हायड्रोजनच्या गॅमा आणि बीटा या दोन रेघांचं प्रमाणही ०.४७ च्या जवळपास यायला हवं. अगदी सुरुवातीच्या फायलींत ते बिघडलेलं होतं, तेव्हा नव्याने प्रक्रिया केलेलीच फाईल घ्या.

खरी गंमत ऑक्सिजनच्याच ४३६.३ नॅनोमीटरच्या रेघेत आहे. ही रेघ उमटायला इलेक्ट्रॉन आणखी वरच्या पातळीवर जावा लागतो, आणि ते तापलेल्या वायूतच जमतं. म्हणून ४३६.३च्या तेजाला ५००.७च्या तेजाने भागलं की तापमान कळतं. अगदी खेटून हायड्रोजनची गॅमा रेघ असते, त्यामुळे दोन गॉसियन (घंटेच्या आकाराचे वक्र) एकदमच बसवावे लागतात. इथे ४३६.३ चक्क डोळ्यांना दिसते! वायू २० हजार केल्विनच्याही वर. वायूला थंड करतात ती ऑक्सिजनसारखी मूलद्रव्यंच. तीच तुटपुंजी, मग ताप उतरणार कसा? शोधनिबंधांतही ऑक्सिजन सूर्याच्या काही टक्केच निघालाय.

आता भिंग, म्हणजे समोरच्या समूहाचं गुरुत्व, जे मागच्या दीर्घिकेचा प्रकाश वाकवून तिला मोठी आणि उजळ दाखवतं. समूहाची वेगवेगळी मॉडेलं या दीर्घिकेच्या वर्धनाचे वेगवेगळे आकडे देतात, त्यामुळे तिचं वस्तुमान आणि ताऱ्यांच्या जन्माचा वेग मी वहीत पेन्सिलनेच लिहितो. तापमान मात्र शाईने. गुरुत्वीय भिंग रंगभेद करत नाही. दोन्ही रेघा सारख्याच पटीने उजळतात आणि भागाकारात ती पट उडून जाते. (दीर्घिकेचे भाग कमी-जास्त पटीने वाढले असतील तर हिशेब थोडा हलतो, पण ही इवलीशी आहे.)

पुढची पाळी याच समूहामागच्या ६३५५ आणि १०६१२ क्रमांकाच्या दीर्घिकांची. दोघींची ताम्रसृती ७.६६च्या आसपास, म्हणजे दोघींच्या रेघा जवळपास एकाच जागी पडतील आणि त्यांचे आलेख एकावर एक ठेवता येतील. क्षीण रेघेची त्रुटी काढायची कुणाकडे बरी पद्धत असेल तर सांगा.