सिन्नरच्या खाणीतला टाकाऊ ढीग

फेब्रुवारीत भाच्याला घेऊन सिन्नरच्या बाजूला दोन दिवस जाऊन आले. काळ्या पाषाणाच्या पोटात वाढणारे झिओलाइटचे स्फटिक आधी नीट बघायचे आणि मग, परवानगी मिळाली तर, थोडे घरी आणायचे असं ठरवलं होतं. ‘आधी बघायचे’ यावर मी अडून होते. सुरुवातीच्या वर्षांत मी चकाकी दिसली की छिन्नी लावत असे. घरी सुटे स्फटिक पुष्कळ जमले, पण त्यांतला कोणता कुठल्या पोकळीत, कोणाच्या अंगावर वाढला होता, हे आज मला सांगता येत नाही. ती हळहळ अजून आहे.

पहिला दिवस गारगोटी संग्रहालयाला दिला. सिन्नरजवळ माळेगावच्या औद्योगिक वसाहतीत ते आहे. खाणीत जायच्या आदल्या दिवशी इथे यावं, असं मी प्रत्येकाला सांगेन, कारण निरनिराळे झिओलाइट ओळखायला डोळा इथे तयार होतो. स्टिल्बाइट म्हणजे ज्वारीची पेंढी: मधे आवळलेली, दोन्ही टोकांना फुललेली, रंग बहुधा पांढरा किंवा फिकट नारिंगी. ह्यूलँडाइट पोटात रुंद आणि टोकांकडे निमुळता. त्याची एक बाजू मोत्यासारखी चमकते. स्कोलेसाइट म्हणजे एका बिंदूतून फाकलेल्या सुया. चॅबाझाइट पहिल्या नजरेला घनासारखा वाटतो, पण त्याचे कोपरे काटकोनात नसतात.

काचेआडचा हिरवा अपोफिलाइट बघून भाचा जागचा हलेना. “मावशी, हाही झिओलाइटच ना?” नाही. तो त्यांच्या संगतीत वाढतो, पण त्याची घडण पापुद्र्यांची आहे. तापवल्यावर त्याचे पापुद्रे सुटतात, नावही त्यावरूनच पडलं. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतून आलेला गडद निळा कॅव्हन्साइटही झिओलाइट नव्हे. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांची आद्याक्षरं जोडून त्याचं नाव झालं. पण तो बसतो अनेकदा स्टिल्बाइटच्या पांढऱ्या गादीवर, म्हणून दोघांना एकत्रच बघायची सवय झाली आहे.

मग झिओलाइट कशाला म्हणायचं? १७५६ मध्ये क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने असा एक दगड तापवून पाहिला, तर तो फसफसला. ग्रीक भाषेत ‘उकळणारा दगड’ या अर्थाचं नाव त्याने दिलं. अॅल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांची जाळी, जाळीत बारीक बोगदे आणि बोगद्यांत पाणी, अशी ही रचना. बहुतेक झिओलाइटमध्ये बेताने तापवलं तर पाणी निघून जातं आणि जाळी शाबूत राहते. गार झाल्यावर हवेतलं पाणी पुन्हा आत येतं. दगडाच्या आत अशी ये-जा चालते हे मला कितीही वेळा वाचलं तरी नवलाचं वाटतं.

दुसऱ्या दिवशी खाण. खाणपट्टा ज्यांच्याकडे आहे त्यांची परवानगी आठवडाभर आधी फोनवर घेतली होती, तरी दारात मुकादमांना भेटून पुन्हा विचारलं. हे दोन्ही करा. मालकाने हो म्हटलं असलं तरी त्या दिवशी सुरुंग आहे की नाही हे मुकादमांनाच ठाऊक असतं. “ताई, आज दुपारी बार आहे. अकराच्या आत बाहेर या, आणि त्या भिंतीखाली जायचं नाही,” असं त्यांनी बजावलं. भिंत म्हणजे खाणीचा उभा कडा. ताज्या सुरुंगानंतर तिथले दगड सुटलेले असतात. हेल्मेट होतं, तरी आम्ही तिकडे फिरकलो नाही. फिरकायची गरजही नव्हती, कारण आपल्याला हवा तो माल कड्यात क्वचितच मिळतो. तो असतो टाकाऊ ढिगात.

कारण सोपं आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले. प्रत्येक थर निवताना आतला वायू वर चढला आणि थराच्या माथ्याकडे बुडबुडे अडकून राहिले. म्हणून थराचा मधला भाग घट्ट आणि माथा पोकळ्यांनी भरलेला. पुढे त्या पोकळ्यांत गरम पाणी मुरलं, आजूबाजूच्या खडकातून विरघळवून आणलेली द्रव्यं तिथे साचली आणि त्यांचे स्फटिक झाले. विहिरी खणणारे या पोकळ्यांच्या खडकाला मांजऱ्या म्हणतात. खडीला घट्ट दगड लागतो, मांजऱ्या चालत नाही, मग तो बाजूला पडतो. ढिगाकडे सकाळी लवकर जा आणि उगवत्या सूर्याकडे तोंड करून चाला. तिरप्या उन्हात ह्यूलँडाइटची मोत्याची बाजू लांबून लुकलुकते. ऊन डोक्यावर आलं की तोच ढीग राखाडी दिसतो.

साडेआठच्या सुमारास एक फुटलेला धोंडा सापडला, त्यात नारळाएवढी पोकळी. छिन्नी पिशवीतच ठेवली आणि दहा पट मोठं दाखवणारं भिंग काढलं. पोकळीच्या भिंतीला लागून हिरवट मातकट पातळ थर, तो सेलॅडोनाइट. त्यावर ह्यूलँडाइटचे छोटे स्फटिक दाटीने. त्यांच्यावर स्टिल्बाइटच्या दोन पेंढ्या, आणि एका पेंढीच्या टोकावर हरभऱ्याएवढा, काचेसारखा अपोफिलाइट. जो ज्याच्या अंगावर, तो त्याच्या नंतरचा. म्हणजे पाण्यात काय विरघळलेलं होतं आणि ते कसं बदलत गेलं, याचा क्रम त्या पोकळीत जागच्या जागी होता. पेंढी उचकटली असती तर हा क्रम कायमचा गेला असता. आम्ही अर्धा तास तिथेच होतो. भाच्याने वहीत चित्र काढलं, मी चार बाजूंनी फोटो घेतले, शेजारी मोजपट्टी ठेवून.

घेताना मी आता मूळ खडकासकटच घेते, आणि फोडणं टाळते. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट आणि अपोफिलाइट एका दिशेने सहज चिरतात. हातोडीचा दणका हातभर अंतरावर बसला तरी स्फटिकाचं टोक उडू शकतं. ढिगात आपोआप सुटलेले तुकडे पुरेसे असतात. त्या दिवशी पाच घेतले.

बांधण्याबद्दल एक सूचना, जी मला कोणी वेळेवर दिली असती तर बरं झालं असतं. सुयांच्या नमुन्याला कापूस किंवा मऊ कागद लावू नका. तंतू गुंततात आणि काढताना सुया मोडतात. दगडाचा मागचा भाग डब्यात पक्का बसवा आणि स्फटिकांना काहीच टेकू देऊ नका. ओकेनाइट या खनिजाचे कापसाच्या बोंडासारखे गोळे तर बोटानेही दाबू नका. ते चपटले की पुन्हा फुलत नाहीत.

धुवायला साधं पाणी आणि मऊ ब्रश. वर बसलेलं कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं खनिज, काढण्यासाठी अनेक जण आम्ल वापरतात, पण स्कोलेसाइटसारखे झिओलाइट तीव्र आम्लात विरघळून त्यांचा चिकट लगदा होतो. आणि धुळीबाबत अगदी गांभीर्याने सांगते. एरिओनाइट हा केसासारखा तंतुमय झिओलाइट श्वासातून गेल्याने तुर्कस्तानातल्या कॅप्पाडोशियाच्या काही गावांत कर्करोग झालेला आहे. कुठला तंतू कोणाचा हे नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही. तंतुमय नमुना कोरडा घासू नका, फुंकू नका. ओला करूनच हाताळा, आणि ढिगात मास्क लावा.

खाण मिळाली नाही तर नव्या विहिरीचा ढिगारा बघा. राहुरीजवळ मोमीन आखाड्यात विहीर खोदताना निघालेले हिरवे अपोफिलाइट जगभरच्या संग्रहांत पोहोचले. शेतमालकाला मात्र विचारा, आणि विहिरीत उतरू नका. किल्ले आणि लेणी यांच्या भिंतींतही पांढरे ठिपके दिसतील. ते फक्त बघायचे, तिथे हातोडा काढायचा नाही. विकत घेणार असाल तर भिंग आणि अतिनील टॉर्च जवळ ठेवा. डिंकाने चिकटवलेला कॅव्हन्साइट आणि रंगवलेला ओकेनाइट, दोन्ही फिरत असतात. डिंक बऱ्याचदा टॉर्चखाली निळसर उजळतो.

चिठ्ठी तिथल्या तिथे लिहा: गाव, खाण, तारीख, थरातली जागा. आमच्या पाच तुकड्यांपैकी एकात लोमोंटाइट नावाचा झिओलाइट होता. तो कोरड्या हवेत पाणी सोडतो आणि भुगा होऊ लागतो, म्हणून त्याचा फोटो त्याच दिवशी काढला आणि तो झाकणाच्या डब्यात ओलसर ठेवला आहे.

तो मोठा धोंडा आम्हाला उचलणं शक्य नव्हतं. अकराला निघताना मुकादमांना दाखवला. त्यांनी भिंग मागितलं, बराच वेळ डोळा लावून बघितलं, आणि दोघा पोरांना हाक मारून तो भरावात जाण्याआधी शेडच्या भिंतीशी नेऊन ठेवायला सांगितला, स्फटिकांची बाजू भिंतीकडे करून.