ना घरातलं, ना रस्त्यावरचं

आमच्या हॉलच्या खिडकीत पांढुरका ढग उतरला होता आणि घरी येणारा प्रत्येक जण तो पुसायला निघायचा. कामाच्या मावशींनी आधी ओलं फडकं फिरवलं, मग कोरडं. शेजारच्या वहिनींनी व्हिनेगर सुचवलं. सासूबाईंनी ‘तुम्हाला मेलं पुसायचंच कळत नाही’ असं सगळ्यांना सुनावून पेपरचा बोळा घेतला आणि आतून-बाहेरून काच अशी घासली, की शेजारची चौकटही उजळली. ढग जिथल्या तिथे. मग त्या कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, “ना घरातलं, ना रस्त्यावरचं. मग हे आहे तरी कुणाचं?”

प्रश्न नेमका होता. आमचं घर सोलापुरात, विजापूर रोडला. रात्री ट्रक सुरू झाले की मांडणीतली भांडी बोलायची, म्हणून या दुहेरी काचांच्या खिडक्या बसवल्या. सासूबाईंना तेव्हाही त्या पटल्या नव्हत्या. त्यांचा जन्म साखर पेठेतला, रात्रंदिवस मागांच्या खटखटीत वाढलेल्या. आवाज थांबला की त्यांना झोप लागायची नाही.

पाच मिलीमीटरची एक काच, बारा मिलीमीटरची पोकळी, पुन्हा पाचची काच. धंद्यातले लोक त्याला पाढा म्हटल्यासारखं ‘पाच-बारा-पाच’ म्हणतात. दोन काचांच्या मधे कडेनं ॲल्युमिनियमची पोकळ पट्टी असते आणि तिच्या पोटात ओल पिणारे बारीक मणी भरलेले असतात. सगळं सीलबंद. पण उन्हात काच तापली की आतली हवा फुगते, रात्री आकसते, आणि प्रत्येक वेळी कडेचं सीलंट थोडं ताणलं जातं. ज्या गावात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या आसपास मुक्काम करतो, तिथे ही ओढाताण किती चालत असेल! सीलंटला कुठेतरी चीर पडते, दमट हवा आत शिरते. मणी पितात, पितात आणि एक दिवस त्यांचं पोट भरतं. मग ओल काचेवर बसते, तीही आतल्या बाजूनं. तिथे कुणाचाच हात पोचत नाही.

दुसरं कारण जास्त आपलं आहे. चौकटीच्या तळाला पावसाचं पाणी निघून जायला बारीक छिद्रं ठेवलेली असतात. ती आपल्याकडच्या धुळीनं बुजतात, पाणी काचेच्या बुडाशी साचतं आणि सीलंट कुजतं. इतके हात काच पुसायला धावले, त्यातला एखादा जरी सुई घेऊन त्या छिद्रांकडे वळला असता!

पहिला फॅब्रिकेटर आला तो ‘अख्खी खिडकी काढू, नवी टाकू’ म्हणत. भिंत फोडायची, ग्रॅनाइट उचकटायचं, रंग नव्यानं. दुसऱ्यानं चौकटीचे कोपरे दाबून पाहिले, कडी दोनदा फिरवली आणि म्हणाला, “चौकटीला काय झालंय वं? चांगली हाय की. निस्ती काच बदला.” मला हा माणूस तिथेच आवडला. खिडकी जुनी झाली म्हणजे सगळी जुनी होत नाही. बीडिंग, म्हणजे काच धरून ठेवणारी पट्टी, काढायची, काचेची जोडी बदलायची, पॅकिंग आणि रबर नवं घालायचं, एवढंच काम. मात्र मापं त्यानं तीन-तीनदा घेतली, कारण टफन काच एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही. कापायला गेलात तर तिचे खडे होतात.

या वेळी आम्ही बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला उष्णता परतवणारा लेप असलेली जोडी घेतली. साध्या पारदर्शक काचा एक सोडून दोन लावल्या तरी पश्चिमेचं ऊन बरंचसं आत येतंच, हे कुणी आधी सांगत नाही. माझ्या मते सोलापुरात पहिला पैसा छज्ज्यावर नाहीतर वाळ्याच्या पडद्यावर खर्चावा, मग काचेवर. जुन्या माळवदाच्या घरांना जाड भिंती आणि टीचभर खिडक्या होत्या, त्या काही हौस म्हणून नव्हेत.

काचा आल्या. चौरस मीटरला पंचवीस किलो वजन. दोघांनी रबरी कप चिकटवून त्या उचलल्या. लेप खरंच आहे का, हे बघायची युक्ती त्या दुसऱ्यानंच दाखवली. संध्याकाळी काचेसमोर ज्योत धरायची. चार पृष्ठभाग, म्हणून चार ज्योती दिसतात. त्यातली लेपाची ज्योत वेगळ्या रंगाची. काडी विझली म्हणून सासूबाईंनी निरांजनच आणलं. आपल्याकडून तिसरी ज्योत किंचित वेगळी, बिल खरं.

उतरवलेल्या काचा गच्चीत आहेत. भंगारवाल्यानं पट्टीचं ॲल्युमिनियम नेलं, काचेला हात लावला नाही. तीही टफनच; कापता येत नाही, तर कुणाच्या कामाची? शेवटी सासूबाईंनी सुताराला बोलावून काचेच्या मापाचं टेबल करायला सांगितलंय. तो काल येऊन माप घेऊन गेला. जाता जाता जिन्याचंही घेतलं आणि म्हणाला, “टेबल गच्चीतच जोडावं लागंल, मावशी. अन् मग तिथंच ऱ्हाईल.”