कोर्स अर्धा सोडून परत का आलो?

आपल्या बेने इस्रायलांत, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंत, तुम्ही सगळ्यांनी विचारलंत म्हणून लिहितो. लग्नाच्या हॉलमध्ये, मलिद्याच्या ताटाभोवती, इस्रायलमधल्या अश्दोदहून येणाऱ्या फोनवर, सगळीकडे एकच प्रश्न: "हझान व्हायचं शिक्षण घ्यायला इस्रायलला गेला होतास ना? मग कोर्स अर्धा टाकून परत का आलास?" हझान म्हणजे सिनेगॉगात, आपल्या प्रार्थनास्थळात, सगळ्यांपुढे उभा राहून प्रार्थना म्हणणारा. घरची काहीतरी अडचण असणार, असं तुम्ही आपसांत ठरवूनही टाकलंय. अडचण नव्हती. आई खुटखुटीत होती, ऑफिसने बिनपगारी रजा दिली होती, राहायला मावशीचं घर होतं. अभ्यास झेपला नाही, अशीही कुजबुज कानावर आली. तीही खोटी. मी आलो तो ठरवून आलो. कारण दोन वाक्यांत मावत नाही, म्हणून आजवर कुणाला सांगत बसलो नाही.

पहिली गोष्ट, मी कोरा गेलो नव्हतो. तेराव्या वर्षीच्या बार मित्स्वाच्या आधीपासून मी बाबांकडे, आपल्या सिनेगॉगच्या हझानांकडे, जात होतो. तुमच्यातल्या बहुतेकांची लग्नं, सुंता, गेलेल्यांसाठीच्या हशकाबा त्यांनीच केलेत, तेव्हा ओळख करून द्यायला नको. अलिबागकडचे, गिरणीत नोकरीला होते. 1982 च्या संपात गिरणी बुडाली आणि ते पूर्णपणे सिनेगॉगचे झाले. हझान तेच, धर्माच्या रीतीने जनावर कापणारे शोहेतही तेच. त्यांच्याकडे फळा नव्हता, वही नव्हती. हुमाशच्या, म्हणजे तोरा या आपल्या धर्मग्रंथाच्या पुस्तकाच्या, छापील पानावर अक्षरांच्या वर-खाली उच्चाराच्या आणि सुराच्या खुणा असतात. सिनेगॉगात वाचतात त्या सेफर तोराच्या गुंडाळीत त्यातलं काहीच नसतं, चामड्यावर हाताने लिहिलेली नुसती अक्षरं. म्हणून बाबा आधी खुणांचं पान म्हणवून घ्यायचे, मग ते झाकून खुणा नसलेलं पान पुढे ठेवायचे आणि आपली तर्जनी माझ्या मनगटावर टेकवायचे. पासूकाच्या, म्हणजे वचनाच्या, मधला विसावा, अत्नाह, आला की बोट दाबलं जायचं. वचन संपलं, सोफ पासूक आला, की उचललं जायचं. चुकलो की बोट हलायचं नाही. बाबा काही बोलायचे नाहीत, मीच समजून मागे जायचो. अशा एकेक करत आठवड्याच्या वाचनाच्या चोपन्न परशा.

बाकीचंही तिथेच शिकलो. नवरदेवाला लग्नातलं 'योनाती झिव' सुरात म्हणता येत नसेल तर त्याची तयारी कशी करून घ्यायची. कुणाच्या घरातल्या कुणाचं नाव हशकाबात कोणत्या तारखेला घ्यायचं. शोफार, म्हणजे सणाला वाजवायचं शिंग, गालांनी फुंकायचा नसतो. किप्पूरच्या उपासाला दिवसभर उपाशी उभं राहून नेइलापर्यंत, म्हणजे शेवटच्या प्रार्थनेपर्यंत, आवाज पुरवायचा तर सकाळी तो किती राखून ठेवायचा, कारण तेव्हाच्या 'एल नोरा अलिला' या गीताला तो लागणारच असतो.

अमेरिकेतली भाची मला विचारते, "मामा, पण फॉर्मली तू काय शिकलास?" न्यूयॉर्कच्या हिब्रू युनियन कॉलेजात 1948 पासून हझानांसाठी वेगळं विद्यालय आहे, पाच वर्षांचा अभ्यास, त्यातलं पहिलं वर्ष जेरुसलेमला. 1975 मध्ये तिथून पहिली स्त्री हझान पदवी घेऊन बाहेर पडली. तिथे गळा घडवतात, नोटेशन शिकवतात, कॉयर बसवायला शिकवतात. मला त्या सगळ्याबद्दल मनापासून आदर आहे. पण 'फॉर्मली' शब्द ऐकला की आतून चीड येते. माझ्या मनगटावरचं ते बोट शिक्षण नव्हतं, असं कुणी म्हणत असेल तर मी ऐकून घेणार नाही.

मग गेलो कशाला? बाबा गेले म्हणून. ते होते तोवर अडलं की विचारता यायचं. श्वा, म्हणजे हिब्रूतला अर्धवट स्वर, कुठे उच्चारायचा आणि कुठे गिळायचा हे ते कानाने सांगायचे, नियम सांगत नसत. ते गेले आणि 'असं का' विचारायला कुणी उरलं नाही. दुसरं कारण पैसा. इथल्या मानधनावर हझानाचं घर चालत नाही. ते मानधन तुमच्याच कमिट्या ठरवतात, त्यामुळे अधिक सांगत नाही. सर्टिफिकेट असलं तर परदेशात जागा मिळते, हे डोक्यात होतं. ते का लपवू?

संस्थेचं नाव लिहीत नाही. तिथे मला वाईट वागवलं असंही कुणी समजू नये. व्याकरणाच्या वर्गात श्वाचे नियम पहिल्यांदा कळले, त्या रात्री आनंदाने मला झोप आली नाही. बाबा कानाने सांगत होते ते जवळजवळ सगळं नियमात चपखल बसत होतं. पुढे मकाम, म्हणजे अरबी संगीतातले रागांसारखे प्रकार, सुरू झाले. जेरुसलेमच्या सेफारदी ज्यूंच्या पद्धतीत शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या, तेफिलाचा (प्रार्थनेचा) मकाम त्या आठवड्याच्या परशावरून ठरतो, आणि तोरा वाचतात सिगाह या मकामात. सिगाह ज्या स्वरावर उभा आहे तो आपल्या कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे कुठेतरी आहे. मी पेटीवर वाढलेला माणूस. आपल्याकडे 1880 पासून तोरातल्या कथांवर मराठीत कीर्तनं होत आली, आजोबा त्यांत पेटी धरायचे. पेटीत तो स्वरच नाही. गळ्यात बसवायला फार त्रास झाला, पण बसला. झेपलं नाही म्हणणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहिलं.

आता जे घडलं ते. हिब्रू हेश्वान महिना होता, वायेरा या परशाचा आठवडा. मुख्य शिक्षकांनी वर्गात सांगितलं की आज प्रत्येकाने आपल्या घरच्या पद्धतीने वाचायचं. ते सीरियातल्या हलबच्या (अलेप्पोच्या) घराण्यातले, वयस्कर, अतिशय मृदू बोलणारे. माझ्या वाट्याला बेरेशीथच्या, तोराच्या पहिल्या पुस्तकाच्या, 19व्या अध्यायातला 16वा पासूक आला. देवदूत लोटला सदोम सोडून चल म्हणताहेत आणि लोट रेंगाळतो, तो. त्या 'रेंगाळला'वर शलशेलेत ही सुराची खूण आहे. सगळ्या तोरात ती चारच ठिकाणी येते. बाबांची शलशेलेत तीनदा वर चढते, दरवेळी थोडी कमी उतरते, आणि शेवटी खालच्या स्वरावर येऊन इतकी थांबते की ऐकणाऱ्याला वाटावं वाचणारा विसरला. तशी म्हटली. शिक्षक म्हणाले, "पुन्हा म्हण." त्यांनी फोन काढून समोर ठेवला, रेकॉर्ड केलं. नंतर वर्गाकडे वळून म्हणाले, "ऐकून ठेवा, हे तुम्हाला रोज ऐकायला मिळणार नाही." आणि मला म्हणाले, "फार सुंदर आहे. हे जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या ध्वनिसंग्रहाकडे पाठव, ते नीट जपून ठेवतील. आता इथली म्हणून दाखव."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी इथली म्हणून दाखवली, बरोबर म्हणून दाखवली. शिक्षकांनी मान डोलावली. "परीक्षेला हीच."

अपमान झाला असता तर भांडलो असतो. झाला होता सन्मान, आणि मला तिथे उभं राहवत नव्हतं. तास संपल्यावर त्यांच्यामागे गेलो. विचारलं, "परीक्षेत एक परशा तरी आमच्या चालीत वाचू द्याल का? बाकी सगळं तुमच्या पद्धतीने वाचतो." त्यांनी मला बसवलं, चहा मागवला, आणि शांतपणे सांगितलं, "सर्टिफिकेट म्हणजे आमची ग्वाही, की हा माणूस बरोबर वाचतो. तुझी चाल आमच्यापैकी कुणालाही येत नाही. तू चुकलास तरी आम्हाला कळणार नाही. जे आम्हाला माहीत नाही त्याची ग्वाही कशी देऊ?" मी गप्प. मग म्हणाले, "तुमच्यातला जाणकार आणा कुणी. मी स्वतः त्याला परीक्षक म्हणून शेजारी बसवेन. नाव सांग."

मला नाव सांगता आलं नाही.

बाबांचं ओठावर आलं, पण ते नव्हते. त्यांच्या बरोबरीचे दोघे-तिघे आठवले, तेही गेलेले. जिवंत माणसांत, चोपन्न परशा त्या चालीत पाठ असलेला, माझी चूक पकडू शकणारा असा कुणी आहे का, हे मी पहिल्यांदाच मोजत होतो. चहा निवत होता आणि ते उत्तराची वाट बघत होते. त्यांचा प्रश्न सरळ होता. त्यात ना आकस होता, ना गर्व. त्या माणसाला दोष द्यायला मला आजही जागा सापडत नाही. सापडली असती तर तुम्हाला उत्तर द्यायला सोपं गेलं असतं.

पुढच्या शब्बाथला इस्रायलमधल्याच दिमोना गावी गेलो, आपल्याच लोकांच्या सिनेगॉगात. हझान तरुण, रोह्याकडच्या घरातला, जन्म मात्र तिकडचा. सिगाहमध्ये फार सुरेख वाचलं त्याने. शेवटी गब्बाईंनी, म्हणजे सिनेगॉगचा कारभार बघणाऱ्यांनी, मला पाहुणा म्हणून 'आदोन ओलाम' हे स्तोत्र म्हणायला सांगितलं. मी बाबांची चाल उचलली. मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्यांनी पहिल्याच ओळीत साथ धरली, बायकांच्या बाजूनेही आवाज आला. पुढच्या बाकांवरची तरुण मुलं माझ्या तोंडाकडे बघत राहिली. शब्द त्यांना तोंडपाठ होते, पण कुठे उचलायचं ते कळत नव्हतं. हझान एकटा काही पुरं करत नाही. कद्दिशची प्रार्थना असो, केदुशाची असो, त्याने अर्धं म्हणायचं आणि उरलेलं समोरच्यांनी. समोरून उत्तर येणं बंद झालं की ती चाल संग्रहातच जायची. इथे ठाण्यात, मुंबईत, पनवेलला उत्तर देणारी माणसं अजून होती. पेसाहच्या, वल्हांडणाच्या सणाच्या, आधी मी परत आलो.

हे झालं कारण. ते पुरेसं होतं का, यावर माझं स्वतःशीच भांडण चालू आहे.

परत आलो तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो, की आपली चाल अस्सल, पूर्वज जिथे उतरले म्हणतात त्या नवगावच्या किनाऱ्यापासून आपल्याबरोबर आलेली. नंतर वाचत गेलो. आपल्या पूर्वजांनी शेमाची प्रार्थना जपली, शब्बाथ जपला, शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवला, म्हणून तर शनिवार तेली म्हणवले गेले. पण सिनेगॉगातली तेफिला नीट म्हणायला त्यांना 19व्या शतकात कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी शिकवलं. जॉन विल्सन या मिशनऱ्याने मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं ते 1832 मध्ये. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनेची पुस्तकं मराठीत आणली. म्हणजे बाबांची शलशेलेत कुणा कोचीनच्या मास्तरांची असू शकते. मग दिमोनाचा तो पोरगा वेगळं काय करतोय? त्यानेही समोर आलेला शिक्षक मनापासून स्वीकारला. हे मी तेव्हाच्या मला ऐकवतो. तेव्हाचा मी उलटून म्हणतो, पूर्वजांकडे नव्हतं म्हणून त्यांनी घेतलं. तुझ्याकडे होतं, ते खाली ठेवून घ्यायला सांगत होते. यावर मी निरुत्तर होतो. मग बायको घराच्या हप्त्याचा कागद पुढे ठेवते, आणि दोघेही निरुत्तर होतात.

आणि ज्या उत्तर देणाऱ्या माणसांसाठी आलो, ती तरी किती उरलीत? आठवडाभर परशा तयार करायची, शनिवारी सकाळी जायचं, आणि दहा पुरुष जमत नाहीत. मिनियान नाही म्हणजे सेफर तोरा हेखलमधून, तिच्या कपाटातून, बाहेर काढता येत नाही. आम्ही जेवढं म्हणता येतं तेवढं म्हणतो आणि घरी येतो. तयार केलेली परशा तशीच राहते, पुन्हा तिची पाळी पुढच्या वर्षी. तुम्ही मला "परत का आलास" विचारता, तेव्हा मला तुम्हाला विचारावंसं वाटतं की गेल्या शनिवारी तुम्ही कुठे होतात. विचारत नाही, कारण तुमच्यातल्या अनेकांना दुकान आहे, शिफ्ट आहे, आजारी माणूस आहे. पण मनात येतं.

सध्या माझ्याकडे ठाण्याचा एक मुलगा शिकतो. कान चांगला आहे. अर्ध्याहून जास्त परशा झाल्या. त्याला त्याच संस्थेत जायचंय. माझं सगळं ऐकल्यावरही जायचंय, आणि मी त्याला अडवणार नाही. व्याकरण आणि मकाम माझ्यापेक्षा तिथे कितीतरी चांगले शिकवतात. परवा फॉर्म घेऊन आला. त्यात 'यापूर्वीचं शिक्षण' असा रकाना आहे. काय लिहू, म्हणाला. मी सांगितलं, लिही: बेने इस्रायल चालीत तोरावाचन. खाली माझं नाव घाल, त्याखाली बाबांचं. आणि त्यालाच जोडून एक ओळ घालायला लावली, की या चालीत परीक्षा घ्यायची असेल तर परीक्षक म्हणून यायला मी तयार आहे, येण्याजाण्याचा खर्च माझा.

फॉर्म गेलाय. उत्तर अजून आलेलं नाही.