हिंदमाताला पाणी

वॉररूम हे नाव आमच्या त्या हॉलला जरा जास्तच होतं. वॉर्ड ऑफिसातली लांबट खोली, आठ-दहा टेबलं, फोन, कॉम्प्युटर, बेडचे आकडे दाखवणारा एक स्क्रीन आणि कोपऱ्यात पाण्याचा जार. जून २०२० मध्ये, कोविडच्या साथीत, मुंबई महापालिकेने चोवीसही वॉर्डांत अशा खोल्या उघडल्या. त्याआधी बेड हवा असला की सगळी मुंबई १९१६ हा एकच नंबर फिरवत बसायची. फोनवर बोलायला माणसं हवी होती आणि शाळा तर बंद होत्या, म्हणून आम्हा पालिका शिक्षकांना ड्युटी लागली. जनगणना झाली, निवडणूक झाली, आता हे. मी पहिलीचा वर्ग घेते. ‘अ’ला काना दिला की काय होतं, हे सांगणाऱ्या बाईंकडे आता ऑक्सिजनच्या पातळ्या आल्या.

काम असं होतं. लॅबकडचे पॉझिटिव्ह रिपोर्ट वॉर्डाप्रमाणे वाटून आमच्याकडे यायचे. यादीतल्या प्रत्येकाला फोन करायचा. वय किती, बीपी-शुगर आहे का, धाप लागते का, घरात वेगळी खोली आहे का, वेगळा संडास आहे का. चाळीत राहणारा माणूस शेवटच्या प्रश्नाला हसायचा, मग खोकायचा. त्यावरून डॉक्टर ठरवणार, की घरीच ठेवायचं, कोविड सेंटरला न्यायचं की हॉस्पिटलला. हे झालं कागदावरचं काम. एप्रिल २०२१ मध्ये कागद बाजूला पडला. ४ तारखेला एका दिवसात ११,१६३ रुग्ण निघाले, आणि त्यानंतर आम्ही फोन करणं जवळजवळ थांबलं, फोन यायला लागले.

ताण कमी करण्याबद्दलचं एक पत्रक आमच्याकडे होतं. संगीत ऐका, प्राणायाम करा, छंद जोपासा, बातम्या कमी बघा. घरी विलगीकरणात असलेल्यांना आम्हीच ते वाचून दाखवायचो. बातम्या कमी बघा हे ठीक आहे, पण आमच्याकडे बातमीच फोन करून यायची.

त्यामुळे प्रत्येकाने आपापलं काहीतरी शोधलं होतं. शेजारच्या टेबलावरचे गणिताचे सर फोन ठेवला की पेन्सिलला टोक काढायचे. लिहायचे पेनाने. पण प्रत्येक फोनमागे शार्पनर फिरायचा आणि टेबलावर सालांची नक्षी पडायची. आमचे रात्रपाळीचे डॉक्टर, कोवळा मुलगा, दर तासाला कीबोर्ड उलटा करून झटकायचे. त्यातून कधी काही पडलेलं मी पाहिलं नाही. एक बाई फोन ठेवून जारकडे जायच्या आणि जारला शिव्या द्यायच्या, अगदी हळू, सभ्य आवाजात.

माझं म्हणाल तर तांदूळ. सकाळी घरी गेलं की अंघोळ करायची, ताटात दोन वाट्या तांदूळ घ्यायचे आणि खिडकीशी बसून निवडायचे. पॅकेटातला कोलम, त्यात खडा औषधालाही नसतो. पहिल्या दिवशी नवरा म्हणाला, “अगं, स्वच्छ आहेत ते.” मी म्हटलं, “माहीत आहे.” दुसऱ्या दिवसापासून तो ताट काढून ठेवायला लागला.

ती रात्र एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातली. त्याच आठवड्यात, १७ तारखेच्या पहाटे, ऑक्सिजन कमी पडत चालला म्हणून शहरातल्या सहा रुग्णालयांमधले १६८ रुग्ण रातोरात दुसरीकडे हलवावे लागले होते. जीव कुणाचा गेला नाही, पण त्यानंतर ‘ऑक्सिजन’ हा शब्द नुसता ऐकला तरी हॉलमध्ये माना वर व्हायच्या.

साडेअकराला एका मुलाचा फोन आला. आईला आयसीयू बेड हवा होता. आवाज तरुण आणि अतिशय व्यवस्थित. नाव, वय, पातळी, सध्याचं नर्सिंग होम, सगळं न विचारता सांगितलं. स्क्रीनवर आयसीयूच्या रकान्यात शून्य होतं. मी म्हटलं, “नाव लिहून घेतलंय, मिळाला की लगेच फोन करते.” तो “थँक यू मॅडम” म्हणाला. हे वाक्य मी त्या रात्री कितीदा म्हटलं असेन, मोजलं नाही.

एकच्या सुमारास काकांचा फोन. वय बहात्तर, घरी एकटे. बायको दोन दिवसांपूर्वी जंबो सेंटरला दाखल. “मला श्वास लागतोय. बेड द्या.”

ऑक्सिमीटर होता. बघायला सांगितलं. ९६.

डॉक्टरांनी सहा मिनिटांची चाचणी सांगितली. आधी पातळी बघायची, मग घरातल्या घरात सहा मिनिटं चालायचं, पुन्हा बघायची. ९३च्या खाली गेली किंवा तीनहून जास्त उतरली तर काळजी. काका चालले. फोन चालूच होता, चपलांचा आवाज येत होता. पातळी ९५. डॉक्टर म्हणाले, “फुप्फुसाला काही झालेलं नाही, घाबरलेत. पालथं झोपायला सांगा.”

पावणेदोनला पुन्हा फोन. आवाज पार बदललेला. “बाई, ८८!”

माझ्याही पोटात गोळा आला. डॉक्टरांनी मान हलवली आणि विचारलं, “हात गार आहेत का विचारा.” होते. एप्रिलच्या मुंबईत त्या माणसाचे हात बर्फासारखे गार होते, भीतीने. दोन्ही हात एकमेकांवर चोळा, बोट बदला, हात छातीशी धरून शांत बसा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. ९६. पण आकडा सुधारला म्हणून श्वास सुधारला नाही. फोनमध्ये तो ऐकू येत होता, तुटक, वरवरचा, जिना चढून आल्यासारखा.

“काका, दिवसातून किती वेळा बघता हे मशीन?”

“दर पाच मिनिटांनी.”

पत्रकातलं काही उपयोगाचं नव्हतं. गाणी ऐका, असं त्यांना आदल्या दिवशी कुणीतरी सांगितलंच होतं. मला एकच युक्ती येते आणि ती जूनमधली, शाळेच्या पहिल्या दिवसाची आहे. पोर दारात भोकाड पसरून उभं असतं, रडून रडून हुंदके थांबत नसतात, तेव्हा ‘रडू नको’ म्हणायचं नाही. विचारायचं, घरातून निघालास, मग पहिल्यांदा काय लागलं? वाण्याचं दुकान? मग? पोर रस्ता सांगायला लागतं. सांगता सांगता त्याला श्वास घ्यावाच लागतो.

“काका, नोकरी कुठे केलीत?”

“बेस्टमध्ये. कंडक्टर. चौतीस वर्षं.”

“मग शीवहून गाडी सोडा. म्युझियमपर्यंत. मला प्रत्येक स्टॉप सांगायचा.”

ते गप्प. मग जरा रागानेच, “बाई, थट्टा करताय काय?”

“मी शिक्षिका आहे काका, मला रस्ता पाठ नाही. सांगा.”

“शीव,” म्हणाले. थांबले. “किंग्ज सर्कल.”

“घाई नको. सिंगल बेल दिल्याशिवाय गाडी थांबणार नाही. स्टॉप आला की श्वास सोडा. माणसं उतरू द्या, चढू द्या. डबल बेल, मग पुढे.”

“हे मला सांगताय?” आता आवाजात कंडक्टर आला होता. आणि पाठीमागून एक आवाज यायला लागला, टिक-टिक, टिक-टिक. मला वाटलं लाइन खराब आहे.

“हे काय वाजतंय?”

“नेलकटर,” ते म्हणाले. “पंच नाही ना आता हातात.”

मुंबईत ज्याने तिकिटांच्या त्या पत्र्याच्या पेटीच्या काळात बसने प्रवास केलाय, त्याला हा आवाज सांगायला नको. कंडक्टर गर्दीत दिसायचा नाही, पंच ऐकू यायचा, आणि खिशातले सुट्टे आपोआप हातात यायचे. त्या रात्री तो पावणेदोन वाजता वॉररूमच्या फोनमध्ये वाजत होता.

दादर टीटी. टिक-टिक. चित्रा. टिक-टिक. मग बराच वेळ काही नाही.

“काका?”

“हिंदमाता,” म्हणाले. “हिंदमाताला पाणी भरलंय. गाडी उभी आहे.”

हिंदमाता म्हणजे पावसाळ्यात पाणी तुंबण्यासाठी प्रसिद्ध असलेला चौक, आणि हा तर एप्रिल. मला हसू आलं. गणिताच्या सरांनी पेन्सिल थांबवून बघितलं.

“मग काय करायचं?”

“काय करणार? थांबायचं. पाणी उतरल्याशिवाय ड्रायव्हर काय करेल आणि मी काय करेन.”

आम्ही हिंदमाताला थांबलो. मध्ये मी दुसरा फोन घेतला, एका बाईंना कोविड सेंटरचा पत्ता सांगितला, परत आले. पाणी उतरलं होतं. परळ. “केईएम, टाटावाले उतरा.” भारतमाता. लालबाग. चिंचपोकळी, इथे मी म्हटलं, मी उतरते, माझं घर आलं. ते म्हणाले, “बसा हो, पाळी संपली का तुमची?” राणीची बाग, भायखळा, जे. जे. तिथून पुढे त्यांना माझी गरज नव्हती. प्रत्येक स्टॉपला कोण चढायचं हे सांगायला लागले, कोण खोटं बोलायचं, कोणाचं पोर बारा वर्षांचं असून पाचचं सांगितलं जायचं. श्वास कधी सरळ झाला, कळलं नाही. म्युझियमला पोचल्यावर विचारलं, “परत आणायची का गाडी?”

“आणा. पण आता एकटे. आणि मशीन ड्रॉवरमध्ये ठेवा, सकाळी सहाला बघा.”

सव्वादोन वाजले होते.

पुढचा तास-सव्वा तास नेहमीसारखा. दोन ऑक्सिजन बेड सुटले, दोन गेले. डॉक्टरांनी कीबोर्ड झटकला.

तीन चाळीसला साडेअकराच्या मुलाचा फोन आला. तसाच व्यवस्थित आवाज. “मॅडम, आता बेड नको.”

वॉररूममध्ये बसलेल्या प्रत्येकाला हे वाक्य माहीत आहे. त्यावर काय बोलायचं हे कुठल्याच पत्रकात नव्हतं. तो पुढे म्हणाला, “मिळाला तर दुसऱ्या कुणाला द्या. तुम्हाला उगाच त्रास दिला.” त्याने फोन ठेवला. मी त्याच्या आईच्या नावापुढे ‘रद्द’ लिहिलं. रकान्यात तोच शब्द लिहायची पद्धत होती, दुसरा नव्हता.

आणि मग एकदम लक्षात आलं की सव्वादोनपासून काकांचा फोन नाही. मशीन ड्रॉवरमध्ये ठेवायला मी सांगितलं होतं. मी. पहिलीच्या बाईंनी. डॉक्टर म्हणत होते, चाचणी झालीय, काही होणार नाही. तरी मी नंबर लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. हात थरथरत होता, आणि गार होता, हे मला नंतर सुचलं. तिसऱ्यांदा उचलला.

“कोण?”

“काका, वॉररूममधून.”

“अहो बाई,” माणूस भडकलाच. “आत्ता कुठे डोळा लागला होता!”

मी तीनदा माफी मागितली. कुणाचं ओरडणं इतकं गोड लागल्याचं मला आठवत नाही. चिडून झाल्यावर त्यांनी विचारलं, “आमच्या हिचं काही कळतं का तुमच्याकडे?”

आमच्या यादीत शेरे तीनच. डिस्चार्ज, स्थलांतर, मृत्यू. मी नाव शोधलं. पुढचा रकाना कोरा होता.

“काही लिहिलेलं नाही, काका.”

“म्हणजे?”

“म्हणजे आहेत. तिथेच आहेत.”

“बरं,” म्हणाले आणि झोपायला गेले. नवव्या दिवशी त्या रकान्यात ‘डिस्चार्ज’ आलं. त्या दिवशी माझी सुट्टी होती. गणिताच्या सरांनी फोन करून सांगितलं, मागे शार्पनर फिरत होता.

सकाळी सातला बस पकडली. अत्यावश्यक सेवेवाले पाच-सहा जण, एक-एक सीट सोडून. कंडक्टरच्या हातात तिकिटाचं मशीन, ते टिक-टिक करत नाही, कागद बाहेर फेकतं. चिंचपोकळीचं तिकीट काढलं. दादर टीटी गेलं, चित्रा गेलं. हिंदमाता आलं तसं माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, “पाणी नाहीये.” कंडक्टरने वळून बघितलं. मास्कमुळे त्याला काय वाटलं ते दिसलं नाही.

घरी आले. अंघोळ केली. ताट काढून ठेवलेलं होतंच. खिडकीशी बसले आणि निवडायला लागले, बोटांनी ओळ पुढे सरकवायची, बघायचं, पुढची ओळ. साडेअकराच्या मुलाचा आवाज डोक्यातून जात नव्हता. ‘उगाच त्रास दिला.’ तिसऱ्या का चौथ्या ओळीत बोटाला काहीतरी वेगळं लागलं. उचलून उजेडात धरलं. काळा, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा, खराखुरा खडा.

“अहो, इकडे या!” मी ओरडले. “लवकर या!”

नवरा धावत आला, हातात चहाचं गाळणं, चेहरा पांढराफटक. मी तळहात पुढे केला.