दहा हाडकांचा नवस

ग्रीसमधल्या एपिडॉरसच्या संग्रहालयातल्या शिळेवरचा तो मजकूर लेकीने वाचून दाखवला आणि मी तिथेच थबकले. युफानीस नावाचा मुलगा, त्याच गावचा, मुतखड्याने हैराण झालेला. तो तिथल्या अस्क्लीपियस देवाच्या देवस्थानात येऊन झोपला. स्वप्नात देव समोर उभा राहिला आणि म्हणाला, ‘तुला बरं केलं तर मला काय देशील?’ मुलगा म्हणाला, ‘दहा हाडकं.’ देव हसला, म्हणाला, करतो बरं. सकाळी पोरगं ठणठणीत होऊन बाहेर आलं.

ही हाडकं म्हणजे जनावराच्या घोट्याची. ग्रीक मुलं ती उडवून झेलत, आपल्याकडे सागरगोटे खेळतात ना, तशीच. म्हणजे त्या पोराने आपल्याजवळची सगळ्यात मोठी दौलत देवापुढे ठेवली होती.

मी ३४ वर्षं नर्स होते, त्यातली १२ मुलांच्या वॉर्डात. इंजेक्शन घेऊन गेलं की मुलं सौदा करतात. ‘सिस्टर, माझी गाडी घ्या, पण आज सुई नको.’ चोवीसशे वर्षांपूर्वी कुणीतरी हाच सौदा दगडात कोरून ठेवला, आणि त्यावर देव चिडला नाही, हसला. अस्क्लीपियसवर माझा जीव जडला तो त्या हसण्यामुळे.

हा ग्रीकांचा वैद्यदेव. जन्माने अर्धा माणूस: बाप अपोलो देव, आई कोरोनिस मर्त्य. तिला मारून चितेवर ठेवलं, तेव्हा अपोलोने तिच्या पोटातून बाळ काढलं आणि कायरॉन नावाच्या अश्वमानवाकडे शिकायला दिलं. पुढे त्याचा हात इतका बसला की त्याने मेलेल्याला उठवलं, म्हणून देवांचा राजा झ्यूस याने त्याच्यावर वीज टाकली. होमरच्या ‘इलियड’मध्ये तर तो देवही नाही, नुसता निष्णात वैद्य. आधी वैद्य, मग विजेने मेलेला माणूस, मग देव. मरण स्वतः भोगलेला देव आजाऱ्याच्या उशाशी जास्त शोभतो, असं मला वाटतं.

त्याच्या पूजेची रीत साधी. आंघोळ करून शुद्ध व्हायचं, नैवेद्य आणि बळी द्यायचा, आणि रात्री आबाटोन नावाच्या लांब ओसरीत जाऊन झोपायचं. आबाटोन म्हणजे जिथे एरवी कुणीही पाऊल टाकायचं नाही अशी जागा. मग देव स्वप्नात यायचा. कधी हात लावायचा, कधी औषध घालायचा, कधी चिरफाडही करायचा. त्याचे साप आणि कुत्रे आवारात मोकळे असत. एका माणसाच्या पायाच्या बोटाची चिघळलेली जखम सापाने चाटून बरी केली, असंही शिळेवर आहे. त्याच्या काठीला वेढा घातलेला तो एकच साप आजही जागतिक आरोग्य संघटनेच्या चिन्हावर दिसतो. दोन साप आणि पंख असलेली काठी हर्मीस या दुसऱ्या देवाची. तिचा औषधाशी संबंध नाही, तरी लोक हटकून गल्लत करतात.

अशा सुमारे ७० कथा वाचता येतात. अथेन्सची अम्ब्रोसिया एका डोळ्याने आंधळी. आवारात फिरताना ती हसली: नुसतं स्वप्न पाहून लंगडे-आंधळे बरे होतात होय? रात्री देव आला. बरं करतो म्हणाला, पण तुझ्या अडाणीपणाची आठवण म्हणून चांदीचं डुक्कर वाहा. शंका घेतली म्हणून तिला हाकललं नाही, हे महत्त्वाचं. आणखी एक पोऱ्या, ओझं वाहणारा. देवळाकडे येताना पडला आणि मालकाचा पेला फुटला. रस्त्यात बसून रडवेला होऊन तुकडे जुळवत होता. जाणारा एकजण म्हणाला, हे एपिडॉरसच्या अस्क्लीपियसलाही सांधता यायचं नाही. देवळात येऊन पिशवी उघडली, तर पेला अखंड! पेला काही आजारी नव्हता. पण मालकाला घाबरलेलं पोर होतं, आणि देवाने तेही दुखणंच मानलं.

बरे झालेले लोक अवयव वाहत. कोरिंथच्या संग्रहालयात मातीचे हात, पाय, कान, स्तन मांडून ठेवलेत. तिथे मला आपल्याकडे देवीला वाहतात ते चांदीचे डोळे आठवले, आणि वांद्र्याच्या मोतमाउलीपुढचे मेणाचे हातपायही. ज्याचं जे दुखतं ते त्याने हातात धरून आणायचं. यात समजावून सांगण्यासारखं काही नाहीच.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही, आणि या देवावर माया असूनही ती मी सोडून देणार नाही. आवारात कुणी मरायचं नाही आणि कुणी बाळंत व्हायचं नाही, असा तिथला नियम होता. त्यामुळे बायका उघड्यावर बाळंत होत आणि मरणारे उघड्यावर मरत. पौसानियास हा प्रवासी इ. स.च्या दुसऱ्या शतकात हे लिहून गेलाय. त्याच्याच काळात अँटोनिनस नावाच्या रोमन सिनेटरने त्या दोघांसाठी वेगळं घर बांधलं. म्हणजे तोवर इतकी शतकं तशीच गेली. मी रात्रपाळीत कितीतरी जणांचा हात शेवटपर्यंत धरून बसले आहे. कुंपणाबाहेर पडलेल्या त्या माणसांचा हात कोण धरत असेल, हा विचार तिथल्या रखरखीत उन्हात डोक्यातून जाईना.

आणि तरीही, इ. स. पू. ३९९ मध्ये विषाचा पेला प्यालेल्या सॉक्रेटिसचे अखेरचे शब्द याच देवासाठी होते: ‘क्रिटो, अस्क्लीपियसला आपण एक कोंबडा देणं लागतो. तो द्या, विसरू नका.’ त्याचा अर्थ काय यावर विद्वान अजून भांडतात. मला एवढंच दिसतं की जीव जाताना त्याला या देवाचं देणं आठवलं.

आबाटोनच्या एका टोकाला जुनी विहीर आहे. तिच्याजवळ मी बराच वेळ बसले. बाकी सगळे त्या प्रसिद्ध थिएटरच्या ५५ पायऱ्या चढायला गेले होते. बसला वीस मिनिटं उरली तेव्हा लेक शोधत आली. मी तिला पुन्हा संग्रहालयात नेलं आणि युफानीसची गोष्ट आणखी एकदा वाचायला लावली.